भूसंपादनाची नोटीस आली, आता काय करायचं?

आमच्या शेतातून कालवा जाणार हे घरात कळलं ते खुंट्यांवरून. सकाळी आई गवताला गेली, तर बांधापासून पंचवीस पावलांवर चुन्याची रेघ आणि टोकाला लाल रंग फासलेली खुंटी. कागद त्यानंतर आला. पुढच्या तीन वर्षांत आबांनी ज्या ज्या कागदांवर सह्या केल्या, त्यातल्या निम्म्यांचा अर्थ आम्हाला सही झाल्यावर कळला. बावीस गुंठे गेले. जमीन गेल्याचं दुःख आहेच, पण जास्त सलतं ते वेगळंच. कायद्याने जे मागता आलं असतं, ते आम्ही मागितलंच नाही.

नागपूर–मुंबई समृद्धी झाला, नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीवरून गावोगावी सभा झाल्या, शिवाय एमआयडीसी, रेल्वे, कालवे आहेतच. महाराष्ट्रात अशी नोटीस आज कुठल्याही घरी येऊ शकते. ज्यांच्या घरी ती पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी वकील नाही. जमीन गेलेल्या घरातली मुलगी आहे, आणि नंतर आजूबाजूच्या गावांतल्या कित्येक जणांसोबत भूसंपादन कार्यालयाच्या बाकावर बसले आहे. वकील लागेलच, पण त्याच्याकडे जाताना हातात काय असावं आणि कोणती तारीख चुकवायची नाही, एवढं तरी आपल्याला माहीत हवं.

सरकारला जमीन घेता येते का?

येते. मालक नको म्हणत असला तरी येते. पण कशीही घेता येत नाही.

संपत्तीचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला. त्यामुळे ‘आता जमिनीवर आपला हक्कच उरला नाही’ असं गावात सर्रास बोललं जातं, ते चूक आहे. तो हक्क अनुच्छेद ३००-अ मध्ये आहे आणि तो संविधानाने दिलेला हक्क आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात या एका ओळीतून निघणारे हक्क उलगडून सांगितले. मालकाला आधी नोटीस मिळाली पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, निर्णय कारणांसह कळवला पाहिजे, संपादन सार्वजनिक प्रयोजनासाठीच असलं पाहिजे, भरपाई वाजवी हवी, प्रक्रिया वेळेत आणि नीट व्हायला हवी आणि ती शेवटाला गेली पाहिजे. तुमच्या हरकतीच्या अर्जात यातलं जे मोडलं गेलं असेल ते नेमकं लिहा.

‘सार्वजनिक प्रयोजन’ या शब्दांवर महाराष्ट्राने फार सोसलं आहे. १८९४ च्या इंग्रजी कायद्याखाली खासगी कंपनीसाठीही सक्तीने जमीन घेता येत होती. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी मुळशीच्या खोऱ्यात धरण बांधायला मावळ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह उभा केला. धरण झालंच. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यामुळेच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळाला. पुढे रायगडमधल्या महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. तो प्रकल्प उभा राहिला नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की आज लागू असलेला २०१३ चा भूसंपादन कायदा अशा लढ्यांतून आला आहे. तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आहे. त्यात खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर ८० टक्के आणि सरकारी–खासगी भागीदारीचा प्रकल्प असेल तर ७० टक्के प्रकल्पबाधित कुटुंबांची संमती लागते. प्रकल्प पूर्ण सरकारी असेल तर मात्र संमतीची अट नाही. आपला प्रकल्प यातल्या कुठल्या खान्यात बसतो, ते पहिल्या दिवशी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

नोटीस येण्याआधीच कागद नीट करा

अफवा आली की लागा कामाला. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, गटाचा नकाशा आणि खरेदीखत किंवा वाटणीपत्र एका फायलीत लावा. मग सातबारावर पुढच्या गोष्टी तपासा.

मयत माणसाचं नाव अजून आहे का? आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव ते गेल्यावर अकरा वर्षं तसंच होतं. वारस नोंद करून घ्या, आणि त्यात बहिणींची, आत्यांची नावं लावा. ‘त्यांना काय करायचंय’ म्हणून नावं गाळली की पैसे वाटायच्या दिवशी हरकत येते. वाटणीचा वाद प्राधिकरणाकडे (भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या न्यायमंचाकडे) गेला की रक्कम तिथेच अडकून बसते. माझ्या दोन आत्यांचा हिस्सा आधी ठरला असता, तर आमचे आठ महिने वाचले असते. शिवाय तो त्यांचा हक्कच आहे.

विहीर, बोअर, फळझाडं यांची नोंद गाव नमुना बारावर आहे का? २०२१ पासून ई-पीक पाहणी आपल्याच मोबाइलवरून करता येते. बाग असून नोंद ‘पड’ अशी असेल, तर जिरायतीचा दर लागायला ते पुरेसं होतं. हंगाम संपायच्या आत नोंद करा. जमीन भोगवटादार वर्ग दोनची (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल किंवा ‘इतर हक्कां’त जुना बोजा राहिला असेल, तर तेही आत्ताच निस्तरा. फेडलेल्या सोसायटी कर्जाचा बोजा उतरवायचा राहून गेलेली घरं मी बरीच पाहिली आहेत.

नोटीस कुठल्या कायद्याची आहे?

नोटिशीच्या वरच्या दोन ओळीच आधी वाचा. कुठला कायदा आणि कुठलं कलम, ते तिथे असतं. गाव एक असलं तरी रस्त्याची नोटीस वेगळ्या कायद्याची असते आणि कालव्याची वेगळ्या. मुदतीही वेगळ्या असतात. पुढे मी नुसतं ‘कलम’ म्हणते, ते २०१३ च्या कायद्याचं.

२०१३ च्या कायद्याखाली कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतीला ६० दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ खाली ३-अ ची अधिसूचना असेल तर फक्त २१ दिवस. त्यानंतर ३-ड ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारच्या मालकीची होते, पैसे हातात पडले नसले तरी. औद्योगिक क्षेत्रासाठी महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा १९६१ चं कलम ३२ वापरतात, आणि राज्याच्या द्रुतगती मार्गांसाठी महाराष्ट्र महामार्ग कायदा. मुदत मोजायला कधी सुरुवात करायची हे वकिलाला त्याच आठवड्यात विचारा. अधिसूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत, ग्रामपंचायतीत आणि तहसीलमध्ये लागते. घरी कागद येईपर्यंत थांबलात तर दिवस निघून गेलेले असतात.

एक सावधगिरी इथेच सांगते. कलम ११ ची अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीची खरेदी-विक्री किंवा तिच्यावर नवा बोजा चढवणं बंद होतं. ‘आत्ताच मला विका, पुढचं मी बघतो’ म्हणणारा दलाल त्या वेळी दारात येतो. त्याला उभं करू नका. मुखत्यारपत्र तर कोणालाही देऊ नका.

हरकत कशी घ्यायची

हरकत लेखी असते. ग्रामसभेत तावातावाने केलेलं भाषण किंवा प्रांतांना भेटून सांगितलेलं दुखणं फायलीत कुठेच येत नाही. कलम १५ खालचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करा आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. ‘मला समक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य अर्जात असू द्या. ऐकून घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

मजकूर काय असावा? ‘आम्ही गरीब आहोत, जमीन घेऊ नये’ एवढंच लिहिलं तर त्यावर कोणाला काही करता येत नाही. गट नंबर घालून नेमकं लिहा. जमीन ओलिताची आणि दोन-तीन पिकांची आहे (अशी जमीन अगदी शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी असं कलम १० म्हणतं). आखणी शंभर फूट सरकली तर विहीर वाचते. शेजारी गायरान किंवा पड जमीन आहे. लागणारं क्षेत्र प्रकल्पाच्या गरजेपेक्षा जास्त दाखवलं आहे. सोबत गटाच्या नकाशावर पेनाने पर्यायी रेघ काढून जोडा. आमच्या खालच्या वाडीत एका घराने असं केलं, आणि त्यांच्या विहिरीपुरती कालव्याची वळणरेषा खरंच बदलली.

सामाजिक परिणाम मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाचा गावातल्या लोकांवर काय परिणाम होईल याची पाहणी, झालं का, जनसुनावणी कधी झाली, हेही विचारा. राज्याने २०१८ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना यातून सूट देण्याची सोय केली आहे. सूट दिली असेल तर तो आदेश दाखवायला सांगा.

संयुक्त मोजणीच्या दिवशी घरी कोणीतरी जाणतं माणूस असू द्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच, आणि लोक सगळ्यात हलक्यात घेतात तोही हाच. भूमी अभिलेखचा मोजणीदार, तलाठी, प्रकल्पाचा माणूस आणि भूसंपादन कार्यालयाचा कर्मचारी, सगळे एकत्र येतात. हद्दी ठरतात आणि जमिनीवर काय काय आहे त्याची यादी होते. पुढचा सगळा मोबदला त्या यादीवर चालतो. यादीत जे नाही, ते सरकारच्या लेखी शेतातच नाही.

आमच्याकडे मोजणी आली तेव्हा आबा तालुक्याला गेले होते. घरी आई आणि आजी. मोजणीदाराने विहीर लिहिली, बांधावरचे दोन आंबे लिहिले, कडुनिंब लिहिला. विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत जमिनीखालून गेलेली सहाशे फूट पाइपलाइन कोणाला दिसली नाही आणि आईला सांगायचं सुचलं नाही. पंचनाम्याच्या शेवटी तिचा अंगठा घेतला. कालव्याचं खोदकाम सुरू झालं तेव्हा यंत्राच्या दातात ते पाइप तुटून वर आले. आम्ही फोटो घेऊन गेलो, तर उत्तर मिळालं की यादीवर तुमचीच निशाणी आहे.

तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं ते असं. कायद्यानुसार मालक किंवा त्याने लेखी नेमलेली व्यक्ती हजर नसताना मोजणी करता येत नाही. ६० दिवस आधी नोटीस देऊनही कोणी आलं नाही, तरच अपवाद. तुम्हाला जमणार नसेल तर साध्या कागदावर मुलाला, पुतणीला, भावाला नेमून द्या.

आदल्या रात्री घरात बसून यादी करा. विहीर, तिचं बांधकाम आणि खोली. बोअर, मोटार, वीज जोडणी. जमिनीखालची पाइपलाइन, तिची लांबी आणि व्यास, जमल्यास खरेदीची पावती. ठिबक. गोठा, शेड, ताली, दगडी बांध, कुंपण. प्रत्येक झाड, त्याचं वय आणि फळाला आलं आहे की नाही. उभं पीक. तारीख दिसेल असे फोटो काढा. मोजणीदारासमोर यादीची एक प्रत द्या आणि पंचनाम्यात तिचा उल्लेख करून घ्या. काही लिहून घेतलं नाही, तर सही करताना ‘पाइपलाइनची नोंद घेतलेली नाही, हरकत आहे’ असं हातानेच लिहा आणि मग सही करा. अंगठा उठवणाऱ्या माणसाजवळ लिहिता येणारं कोणीतरी उभं असलंच पाहिजे.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. रस्ता किंवा कालवा शेताच्या मधून गेला की पलीकडचा तुकडा तुटतो. तिथे बैल कसे जाणार, पाणी कसं जाणार? जमीन तुटल्याने होणारं नुकसान भरपाईत धरायला कलम २८ सांगतं. पलीकडे जायला वाट आणि रस्त्याखालून पाइप टाकायला नळी या मागण्या मोजणीच्या वेळीच लेखी द्या. काम पूर्ण झाल्यावर डांबर फोडून नळी टाकायला कोणी परवानगी देत नाही. घराचा थोडाच भाग जात असेल, तर पूर्ण घर घ्या असं म्हणण्याचा हक्क कलम ९४ देतं.

यानंतर बांधकामाचं मूल्यांकन सार्वजनिक बांधकाम विभाग करतो, वनझाडांचं वन विभाग आणि फळझाडांचं कृषी विभाग. ती मूल्यांकनपत्रकं मागून घ्या. दिली नाहीत तर माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मोबदल्याचं गणित स्वतः मांडा

‘चौपट मिळणार’ एवढं ऐकून लोक खूश होतात. चौपट कशाची?

आधी बाजारमूल्य ठरतं. त्यासाठी दोन आकडे काढतात. एक, रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर. दुसरा, कलम ११ च्या अधिसूचनेआधीच्या तीन वर्षांत त्या गावात किंवा जवळच्या गावात तशाच जमिनीची जी खरेदीखतं झाली, त्यातल्या जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी. दोन्हींपैकी जो आकडा मोठा तो धरायचा. आधीच्या एखाद्या प्रकल्पाच्या संपादनात दिलेला दर मात्र इथे धरत नाहीत.

मग गुणक, म्हणजे बाजारमूल्याला ज्याने गुणायचं तो आकडा. शहरी भागात १. ग्रामीण भागात १ ते २, आणि तो राज्य सरकार ठरवतं. हा एक आकडा सगळं फिरवतो. रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या चोकाक–अंकली टप्प्यातले शेतकरी चौपट मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं लढले, ते याच आकड्यावरून. तुमच्या प्रकल्पाला कोणत्या अधिसूचनेने किती गुणक लावला, हे लेखी विचारा.

गुणलेल्या रकमेत विहीर-झाडं-घराची किंमत मिळवायची. त्या बेरजेइतकीच, म्हणजे १०० टक्के, दिलासा रक्कम वर येते. म्हणून गुणक २ असेल तरच जमिनीचे बाजारमूल्याच्या चौपट होतात. शिवाय मूळ बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के जास्तीची रक्कम मिळते. ती सामाजिक परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेपासून निवाड्याच्या (मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या) किंवा ताब्याच्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर मोजतात.

उदाहरण घेऊ. २० आर जमीन, म्हणजे साधारण वीस गुंठे. ठरलेला दर हेक्टरी २५ लाख. बाजारमूल्य झालं ५ लाख. गुणक २ असेल तर १० लाख. विहीर, झाडं, पाइपलाइन मिळून २ लाख, म्हणजे १२ लाख. दिलासा रक्कम तेवढीच, झाले २४ लाख. दीड वर्ष लागलं असेल तर ५ लाखांवर १२ टक्क्यांनी ९० हजार. एकूण २४ लाख ९० हजार. हेच गुणक १ धरून मांडलं तर येतात १४ लाख ९० हजार. आणि आमच्यासारखी ६० हजारांची पाइपलाइन यादीतून गळली, तर दिलासा रकमेसकट १ लाख २० हजार जातात.

आता एक कडवट गोष्ट. आपल्याकडे खरेदीखतात किंमत कमी दाखवून उरलेली रोख घ्यायची पद्धत आहे. मुद्रांक शुल्क वाचतं म्हणून सगळेच करतात. पण संपादन आलं की सरकार तीच खतं पुढे ठेवतं आणि अख्ख्या गावाचा दर खाली येतो. आमच्या गावची खतं पाहताना मला याचं फार वाईट वाटलं. वीस लाखांना विकलेल्या जमिनी कागदावर आठ लाखांच्या होत्या. झालेलं बदलत नाही, पण खऱ्या किमतीची जी थोडी खतं असतील ती शोधून काढा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि वर्ष टाकलं की सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या खतांचा गोषवारा, दिसते. पाच-दहा घरांनी मिळून हे काम केलं तर दोन दिवसांत होतं.

थेट खरेदीला हो म्हणायचं का?

महाराष्ट्रात बऱ्याच प्रकल्पांत सक्तीच्या संपादनाआधी वाटाघाटीने थेट खरेदीचा पर्याय देतात. २०१५ च्या शासन निर्णयाने कायद्याप्रमाणे निघणाऱ्या रकमेवर २५ टक्के जास्त देण्याची सोय केली, आणि समृद्धीची बरीचशी जमीन अशीच घेतली गेली. पैसे लवकर येतात आणि निवाड्याची वाट पाहावी लागत नाही.

पण खरेदीखतावर सही झाली की विषय संपतो. वाढीव मोबदल्यासाठी पुढे जाता येत नाही, कारण किंमत तुमच्या संमतीने ठरलेली असते. त्यामुळे माझं मत असं आहे की वरचं गणित स्वतः मांडून झाल्याशिवाय हो म्हणू नका. मूळ दर योग्य धरला असेल आणि यादी पूर्ण असेल, तर २५ टक्के जास्त घेऊन मोकळं होणं बहुतेक छोट्या शेतकऱ्यांना परवडतं. मूळ दरच निम्मा धरला असेल, तर त्यावरचे पंचवीस टक्के घेऊनही तुम्ही तोट्यातच. ‘आज सही केली नाही तर पंचवीस टक्के जातील’ असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून शेवटची तारीख लेखी घ्या.

निवाडा आणि पैसे उचलण्याचा दिवस

कलम १९ ची घोषणा झाल्यावर १२ महिन्यांत निवाडा व्हायला हवा. मुदत वाढवल्याशिवाय ती उलटली, तर कार्यवाही रद्द होते. त्याआधी कलम २१ ची नोटीस येते. त्यात तुमचा हक्क, मागणी आणि मोजणीबद्दलची हरकत लेखी मागतात. मागणी आकड्यात लिहा, खतांच्या प्रती जोडा.

निवाड्याची प्रत मिळाली की क्षेत्र, दर, गुणक, यादी आणि दिलासा रक्कम ओळीने ताडून पाहा. रक्कम कमी वाटत असली तरी पैसे नाकारायची गरज नाही. पैसे घेता येतात आणि वाढही मागता येते. अट एकच: पैसे घेताना ‘निषेध नोंदवून, वाढीव मोबदल्याचा हक्क राखून रक्कम स्वीकारत आहे’ असं पावतीवर लिहायचं. भूसंपादन कार्यालयात याला ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणतात. हे न लिहिता पैसे घेतले तर कलम ६४ खाली वाढ मागायचा हक्क जातो. कलम ७७ मध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

आबांनी ते लिहिलं नाही. त्या दिवशी कार्यालयात गर्दी होती, छापील पावत्यांचा गठ्ठा होता, आणि कर्मचारी बोट ठेवून ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणत होता. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याने त्याच टेबलावर पेन मागून घेऊन चार शब्द लिहिले. त्यांची मुलगी वकिलीला होती, तिने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. त्यांचा दर पुढे वाढला, आमचा तिथेच राहिला. तुम्हीही ती ओळ चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. बँक खात्यात थेट पैसे येणार असतील, तर आधीच तसा अर्ज देऊन पोच घ्या.

पूर्ण रक्कम दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही. निवाड्यापासून तीन महिन्यांत भरपाई आणि सहा महिन्यांत पुनर्वसनाची रोख रक्कम द्यायची असते. ताबा आधी गेला आणि पैसे मागे राहिले, तर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज लागतं. कलम ९६ प्रमाणे या भरपाईवर प्राप्तिकर नाही. थेट खरेदी असेल तर करसल्लागाराला आधी विचारा.

वाढीव मोबदला मागताना

निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल, तर कलम ६४ च्या अर्जाची मुदत निवाड्याच्या तारखेपासून सहा आठवडे. नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. सबळ कारण असेल तर आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेता येतो, पण त्या भरवशावर राहू नका. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, त्यांनी तो ३० दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवायचा. प्राधिकरणाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत उच्च न्यायालय.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर वाट वेगळी. तिथे केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जावं लागतं. सगळा पुरावा तिथेच ठेवा, कारण लवादानंतर न्यायालयाचा हात मर्यादित असतो. पूर्वी या कायद्याखाली दिलासा रक्कम आणि व्याज देत नसत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात तो भेदभाव घटनाबाह्य ठरवला.

ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांच्यासाठीही एक दार आहे. त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या कोणाला प्राधिकरणाने वाढ दिली, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत कलम ७३ खाली तुम्हीही तसाच दर मागू शकता. शेजाऱ्याचा निकाल लागला तेव्हा त्यांनी पेढे आणून दिले. आम्ही ते खाल्ले. या कलमाबद्दल मला कळलं तेव्हा पाचवा महिना चालू होता. म्हणून गावातल्या कोणाचीही केस चालू असेल तर तिच्या तारखा विचारत राहा, निकालाची प्रत मागा.

घर जात असेल, किंवा जमीन तुमच्या नावावर नसेल

भरपाई मालकाला, पण पुनर्वसनाचा हक्क मालकापुरता नाही. बाधित कुटुंबांत कूळ, शेतमजूर आणि कारागीरही येतात, जर ते आधीची तीन वर्षं तिथे काम करत असतील आणि त्यांचं पोट प्रामुख्याने त्यावर असेल. दुसऱ्या अनुसूचीत घराच्या बदल्यात घर, एकाला नोकरी किंवा एकरकमी ५ लाख किंवा वीस वर्षं दरमहा किमान २ हजार रुपये, विस्थापित होणाऱ्यांना वर्षभर दरमहा ३ हजार रुपये निर्वाह भत्ता आणि ५० हजार रुपये वाहतूक खर्च असं बरंच काही आहे. मजुरांची नावं सर्वेक्षणात बहुतेक वेळा येतच नाहीत. तुमच्या शेतात वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसाचं नाव आलं का, हे तुम्हीच पाहा आणि त्याच्यासाठी लेखी अर्ज द्या.

पैसे मिळाल्यावरही काही कामं उरतात

भूमी अभिलेख कार्यालयात कमी-जास्त पत्रक (गटाचं किती क्षेत्र गेलं, किती उरलं याचा कागद) तयार होतं, त्यावरून फेरफार पडतो आणि उरलेलं क्षेत्र सातबाऱ्यावर येतं. गेलेल्यापेक्षा जास्त क्षेत्र कमी झालेलं नाही ना, ते तपासा. आमचे बावीस गुंठे गेले आणि सातबाऱ्यावरून चोवीस कमी झाले. ते दोन गुंठे परत चढवायला उपअधीक्षकांकडे तीन अर्ज आणि एक मोजणी लागली. प्रकल्पग्रस्त दाखल्यासाठी लगेच अर्ज करा, मुलांना नोकरीच्या राखीव जागांसाठी तो लागतो. आणि घेतलेली जमीन ताब्यानंतर पाच वर्षं वापराविना पडून राहिली, तर ती मूळ मालकाला, त्याच्या वारसांना किंवा सरकारच्या भूमी बँकेकडे परत करण्याची तरतूद कलम १०१ मध्ये आहे. ताबा पावतीवरची तारीख त्यासाठीच महत्त्वाची. ती पावती निवाड्याच्या प्रतीसोबत, मोजणीच्या नकाशासोबत, त्याच फायलीत ठेवा. आमची फाइल आता आईच्या पेटीत असते, आणि गावात कोणाकडे खुंटी दिसली की ती स्वतःच काढून देते.